एमबीबीएस आणि एमपीएच : नागपूरच्या मेडिकल विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), लता मंगेशकर किंवा मिहानमधलं एम्स, प्रवेश कुठेही झालेला असो, सार्वजनिक आरोग्याची ओढ लागलेला विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतो : अमेरिकेत डॉक्टरकी आणि एमपीएच एकत्र करता येतं, मग आपल्याकडे का नाही? घरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. एमपीएच म्हणजे नक्की काय, आणि ते केल्यावर धंतोलीत किंवा रामदासपेठेत पाटी लागणार की नाही? हा लेख दोघांसाठी आहे.

आधी एमपीएच म्हणजे काय ते पाहू. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ ही आपल्याकडे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र), बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याचं संख्याशास्त्र), आरोग्य धोरण, आरोग्याचं अर्थशास्त्र, पर्यावरण आणि आरोग्य, लोकांच्या सवयी आणि समाजरचना हे तिचे मुख्य विषय, आणि शेवटी एक प्रबंध. विषयांची यादी वाचून फारसं काही कळत नाही, म्हणून आपल्याच भागातलं उदाहरण घेते.

२०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे, म्हणजे गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाचे, रुग्ण वाढले, काही दगावलेही. वॉर्डातल्या डॉक्टरचं काम स्पष्ट होतं : तापाच्या रुग्णाच्या काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली दिसते का ते शोधायचं आणि डॉक्सीसायक्लिन वेळेत सुरू करायचं. त्याच साथीत सार्वजनिक आरोग्यवाल्यांचे प्रश्न दुसरे असतात. रुग्ण कोणत्या गावांतून येत आहेत? त्यांत निंदणाला जाणाऱ्या बायका किती? घराला लागून गवत आणि झुडपं किती? ताप आल्यापासून योग्य औषध मिळेपर्यंत किती दिवस गेले, आणि ते कुठे गेले, गावातल्या डॉक्टरकडे, मेडिकल स्टोअरमध्ये की प्रवासात? त्या महिन्यात पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) कपाटात डॉक्सीसायक्लिन होतं का? या प्रश्नांची उत्तरं शोधायची शिस्तबद्ध पद्धत म्हणजे एमपीएचचा अभ्यास. वॉर्डात उभं असताना हे दुसरे प्रश्न आपोआप मनात येत असतील, तर हा रस्ता तुमच्यासाठी आहे.

एकत्र का करता येत नाही

अमेरिकेत मेडिकल स्कूलला जाणारा विद्यार्थी आधीच पदवीधर असतो. तिथली एमडी चार वर्षांची. एमडी-एमपीएच करणारे विद्यार्थी बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षानंतर एक वर्ष बाजूला काढतात, त्यात एमपीएच पूर्ण करतात आणि चौथ्या वर्षाला परत येतात. पाच वर्षांत दोन पदव्या होतात. आपण बारावीनंतर थेट एमबीबीएसला जातो. साडेचार वर्षं आणि त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप संपेपर्यंत आपल्या हातात पदवी नसते, आणि पदवी नसताना मास्टर्सला प्रवेश मिळत नाही.

२०२२मध्ये यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली, हे खरं आहे. पण त्या निर्णयाने मास्टर्सची पात्रता बदललेली नाही. एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात ऑनलाइन एमपीएच करून देतो असं कोणी म्हणालं तर पैसे भरू नका. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम घेण्याआधी तो यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का ते स्वतः तपासा.

म्हणजे मेळ आपला आपणच घालायचा आहे. माझं ठाम मत असं, की त्यासाठी आधी प्रश्न सापडावा लागतो आणि मग पदवी. नागपूरच्या मेडिकलमधूनच याचं सगळ्यात मोठं उदाहरण निघालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघंही इथेच शिकले, इथेच एमडी झाले, वर्ध्याच्या खेड्यांत काम केलं आणि मग जॉन्स हॉपकिन्सला जाऊन १९८४मध्ये एमपीएच झाले. परत येऊन १९८६मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९८९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं आढळलं, आणि त्यांपैकी फारच थोड्यांची आधी कधी तपासणी झालेली होती. दवाखान्यात बसून हा आकडा कधीच दिसला नसता, कारण त्या बायका दवाखान्यात येतच नव्हत्या.

पुढे १९९९मध्ये नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, दोन्हींकडचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, ती देशभरची पद्धत याच कामातून आली. बाळाला वाचवायची तळमळ त्यांच्यात आधीपासून होती. तुलनेची गावं ठेवायची आणि एकही मृत्यू मोजायचा सोडायचा नाही, ही शिस्त म्हणजे एमपीएच.

पहिली पायरी : पहिली दोन वर्षं, पीएसएमकडे नीट बघा

पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजेच कम्युनिटी मेडिसिन) हा विषय आपल्याकडे परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात उरकायचा विषय समजला जातो. तुम्ही तसं करू नका. आता एमबीबीएसमध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, पहिल्या वर्षापासून तुम्हाला गावातली काही कुटुंबं दिली जातात. बरेच जण फॉर्म भरून, फोटो काढून मोकळे होतात. त्याच कुटुंबांकडे चार वर्षं जायची संधी परत कधी मिळत नाही, एमपीएचमध्येसुद्धा नाही.

एक साधी वही ठेवा. पाणी कुठून येतं आणि उन्हाळ्यात कुठून येतं, चूल की गॅस, घरात खर्रा कोण खातं, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी झाली का आणि झाली असेल तर कार्ड कुठे आहे, शेवटचं बाळंतपण कुठे झालं, दवाखान्यावर गेल्या वर्षी किती खर्च झाला आणि तो कुठून आणला. दर भेटीला तेच प्रश्न परत विचारा. बदल कुठे झाला आणि कुठे झाला नाही, ते तुमच्या डोळ्यांसमोर घडेल. घरातल्या आजीशी बोलताना प्रश्नावली बाजूला ठेवा. ती जे स्वतःहून सांगेल ते फॉर्मच्या कोणत्याच रकान्यात बसणार नाही, ते वहीत लिहून घ्या.

दुसरी पायरी : एसटीएस, आणि एक प्रश्न बारीक करण्याची कला

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस, ही एमबीबीएसच्या विद्यार्थ्यासाठी संशोधनाची सगळ्यात सोपी सुरुवात. दोन महिन्यांचा छोटा अभ्यास, एक गाइड, शेवटी अहवाल, आणि तो मंजूर झाला तर विद्यावेतन व प्रमाणपत्र. दुसऱ्या वर्षात अर्ज करा, इंटर्नशिपपर्यंत थांबू नका. अर्जांची जाहिरात दरवर्षी निघते. तोवर तुमचा प्रश्न तयार हवा, कारण जाहिरात आल्यावर गाइड शोधायला निघालात तर वेळ पुरत नाही.

प्रश्न कसा निवडायचा हे इथे सविस्तर सांगते, कारण बहुतेक अर्ज याच ठिकाणी अडतात.

समजा तुम्हाला खर्ऱ्याने अस्वस्थ केलंय. विदर्भात राहून कोणाला करणार नाही? प्रत्येक पानठेल्यावर पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. कॉलेजच्या फाटकाबाहेरही तेच. तुम्ही शीर्षक लिहिता : 'खर्रा आणि मुखकर्करोग यांचा संबंध'. हा प्रश्न दोन महिन्यांत सुटण्यासारखा नाही, आणि सुपारी आणि तंबाखूने कर्करोग होतो हे जगाने केव्हाच मान्य केलंय. आता प्रश्न बारीक करा. मेडिकलच्या ईएनटी ओपीडीत किंवा शेजारच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड पूर्ण उघडत नाही म्हणून रुग्ण येतात. तिखट लागणं, तोंडात आग होणं हे पहिलं लक्षण जाणवल्यापासून डॉक्टरकडे यायला त्यांना किती काळ लागला? मधल्या काळात ते कोणाकडे गेले? उशीर का झाला? हा प्रश्न दोन महिन्यांत, एका ओपीडीत, एका विद्यार्थ्याला पेलतो. आणि उत्तर उपयोगी आहे : लोक आधी गावातल्या डॉक्टरकडे जात असतील तर प्रशिक्षण तिथे द्यावं लागेल, शहरात पोस्टर लावून भागणार नाही.

मग प्रश्नावली. 'तंबाखू खाता का?' असं विचारलंत तर खर्रा खाणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकतो, कारण त्याच्या हिशेबात खर्रा वेगळा. म्हणून विचारा : दिवसाला किती पुड्या, एक पुडी किती वेळ पुरते, पहिली पुडी सकाळी उठल्यावर किती वेळाने. प्रश्नावली आधी पाच-सहा जणांवर करून बघा आणि जे प्रश्न अडखळतात ते बदला. संमतीपत्र मराठीत आणि गरज असेल तर हिंदीतही ठेवा. ते वाचून समोरच्याला खरोखर कळलं पाहिजे, नुसती सही घ्यायची नाही. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळेपर्यंत एकाही रुग्णाची माहिती गोळा करू नका. कमिटीची बैठक रोज होत नसते, तिच्या तारखा आधी विचारून घ्या.

आकडेमोडीसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. 'आर' फुकट आहे. स्वतः गोळा केलेल्या शंभर रुग्णांच्या माहितीवर मीडियन काढताना जे स्टॅटिस्टिक्स समजतं ते वर्गात कितीही वेळा ऐकून समजत नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे संशोधनाच्या मूलभूत पद्धतींवरचे ऑनलाइन कोर्सही विद्यार्थ्यांना करता येतात, एखाद्या सुट्टीत एक करून टाका.

गाइड निवडताना मोठं नाव बघू नका. तुमचा मसुदा वाचून लाल पेनने खुणा करून परत देणारे सर किंवा मॅडम शोधा. सीनियर्सना विचारलं की अशी दोन-तीन नावं प्रत्येक कॉलेजात मिळतात.

तिसरी पायरी : इंटर्नशिपचे बारा आठवडे

इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनला बारा आठवडे असतात. नीट-पीजीच्या अभ्यासासाठी मोकळा वेळ म्हणून ते वापरले जातात, आणि परीक्षेचं दडपण बघता मी कोणाला दोष देत नाही. पण एमपीएचचा विचार करत असाल तर हे बारा आठवडे तुमची खरी चाचणी आहे. मेडिकलच्या मुलांना सावनेरच्या ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात जाता येतं, इतर कॉलेजांची आपापली केंद्रं आहेत.

तिथे डॉक्टरांच्या खोलीत बसून राहू नका. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेबरोबर उपकेंद्रात जा. तिची रजिस्टरं बघा. एकच माहिती तिला किती ठिकाणी भरावी लागते ते मोजा. आशाताईबरोबर एक दिवस घरोघरी फिरा. पीएचसीच्या मासिक बैठकीत मागे बसून ऐका. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून सांगा, की साथीचा तपास निघाला तर मला सोबत न्या. गॅस्ट्रोची साथ आलेल्या गावात पाइपलाइन कुठे गटारातून जाते ते शोधत एकदा फिरलात की एपिडेमिऑलॉजी कायमची डोक्यात बसते. हे सगळं करून कंटाळा आला, तर तेही कळणं मोलाचं आहे. पुढची दोन वर्षं आणि फीचे पैसे वाचतील.

चौथी पायरी : बाँडचं वर्ष

महाराष्ट्रातल्या शासकीय कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष शासकीय सेवा करायची असते, नाही केली तर १० लाख रुपये भरावे लागतात. नियमांतले तपशील, विशेषतः पदव्युत्तर प्रवेशाआधी सेवा करावी लागते की नंतर चालते, हे वेळोवेळी बदलतात. तुमच्या बॅचचा शासन निर्णय कॉलेजच्या विद्यार्थी विभागातून घेऊन स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुरावर जाऊ नका.

एमपीएच करायचं असेल तर माझा आग्रह आहे : पैसे भरून सुटका करून घेऊ नका, सेवा करा. जमलं तर गडचिरोली किंवा मेळघाट, नाही तर आपल्याच विभागातलं पीएचसी. वैद्यकीय अधिकारी म्हणून तुमच्या हाताखाली औषधांचा साठा, कर्मचारी, गाडी आणि हजारो लोकांची जबाबदारी येते. मलेरियाच्या स्लाइड वेळेत का तपासल्या जात नाहीत, रेफर केलेली बाई मध्येच घरी का परत जाते, सिकलसेलची तपासणी झालेली मुलं पुढच्या औषधाला का येत नाहीत, हे प्रश्न इथे भेटतात. २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं आणि तपासण्या वाढल्या. तपासणीनंतरची वाट मात्र प्रत्येक पीएचसीत वेगळी आहे. एमपीएचच्या वर्गात दोन विद्यार्थी लगेच ओळखू येतात, एक सरळ इंटर्नशिपमधून आलेला आणि दुसरा वर्षभर पीएचसी सांभाळून आलेला. दुसऱ्याला प्रबंधाचा विषय शोधावा लागत नाही.

खाजगी कॉलेज किंवा एम्समधून बाहेर पडणाऱ्यांना हा राज्याचा बाँड नसतो. त्यांनी जिल्हा परिषद आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वैद्यकीय अधिकारी पदाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. 'सर्च'चा 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम २००६पासून चालू आहे, त्यातून अनेक डॉक्टर ग्रामीण कामात उतरले आहेत. त्याची शिबिरं विद्यार्थी असतानाच करता येतात.

पाचवी पायरी : एमपीएच की एमडी कम्युनिटी मेडिसिन?

हा फाटा नीट समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर ती बरीच वर्षं पुरते.

एमडी कम्युनिटी मेडिसिन तीन वर्षांची, नीट-पीजीतून मिळणारी वैद्यकीय पदव्युत्तर पदवी. रेसिडेंट म्हणून विद्यावेतन मिळतं. मेडिकल कॉलेजात पीएसएमचे प्राध्यापक व्हायचं असेल तर रस्ता हाच. एमपीएच ही वैद्यकीय स्पेशालिस्ट पदवी नाही. ती घेतल्यावर मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत तुम्ही एमबीबीएसच राहता, स्पेशालिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही, आणि बहुतेक ठिकाणी फी तुम्हालाच भरायची असते. आईबाबांना हे आधीच स्पष्ट सांगा. दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मग एमपीएच कशासाठी? पहिलं कारण, सोबत बसणारी माणसं. एमपीएचच्या वर्गात दंतवैद्य, आयुर्वेदाचे डॉक्टर, नर्सेस, समाजकार्य केलेले, अर्थशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्स शिकलेले लोक असतात. डॉक्टरांच्या घोळक्यात पाच वर्षं काढल्यावर एखादी समाजकार्यकर्ती जेव्हा विचारते, की तुम्ही ज्याला 'रुग्ण ऐकत नाही' म्हणता त्याची त्या दिवशीची मजुरी बुडत होती का, तेव्हा विचार करायची रीतच बदलते. दुसरं, धोरण, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन यांचा एमपीएचमधला अभ्यास जास्त खोल असतो. तिसरं, परदेशी विद्यापीठं, जागतिक संस्था आणि मोठ्या स्वयंसेवी संस्थांत या पदवीला लगेच ओळख मिळते.

तिसरा मार्गही आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो : आधी बालरोग, मेडिसिन किंवा स्त्रीरोगात एमडी, मग एमपीएच. बंग दांपत्याने हेच केलं. रुग्ण हाताळण्यावर ज्यांचं मनापासून प्रेम आहे त्यांनी ते सोडू नये. नवजात बाळांच्या मृत्यूवर काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाच्या शब्दाला गावात आणि मंत्रालयातही वजन असतं.

एकच विनंती. नीट-पीजीत मनासारखा रँक आला नाही म्हणून, वेळ काढायला, एमपीएच घेऊ नका. असे विद्यार्थी दोन वर्षं मागच्या बाकावर परीक्षेची पुस्तकं वाचत बसतात. त्यांचंही नुकसान होतं, आणि ज्याला ती जागा खरंच हवी होती त्याचंही.

सहावी पायरी : कुठे करायचं

जवळून सुरुवात करू. वर्ध्याजवळ सावंगीला दत्ता मेघे अभिमत विद्यापीठात एपिडेमिऑलॉजी आणि सार्वजनिक आरोग्याचं वेगळं स्कूल आहे. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९पासून ग्रामीण आरोग्याचं काम करतंय. तिथला कम्युनिटी मेडिसिन विभाग एकदा जाऊन बघाच, नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक एपिडेमिऑलॉजी, तसंच आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त अशा दिशांचे एमपीएच अभ्यासक्रम आहेत. अलीकडे प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी द्यावी लागते. समाज आणि धोरण यांची ओढ असलेल्यांनी हिचा पहिला विचार करावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही एमपीएच आहे. महाराष्ट्राबाहेर तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र देशातल्या जुन्या एमपीएच केंद्रांपैकी एक. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा कार्यक्रम फील्डवरच्या कामाभोवती बांधलेला आहे. चंडीगडचं पीजीआय, १९३२मध्ये स्थापन झालेली कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था आणि गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था हेही चांगले पर्याय.

पात्रता, अनुभवाची अट आणि फी दरवर्षी माहितीपत्रकातून बघा. संस्था निवडताना इमारत आणि प्लेसमेंटच्या जाहिराती बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा. पूर्णवेळ एपिडेमिऑलॉजिस्ट आणि स्टॅटिस्टिशियन किती आहेत? संस्थेचं स्वतःचं फील्ड क्षेत्र कोणतं आणि विद्यार्थी तिथे किती काळ राहतात? आणि मागच्या तीन बॅचचे प्रबंध बघायला मिळतील का? प्रबंधांची शीर्षकं वाचूनच अर्धं उत्तर मिळतं. सगळे प्रबंध 'ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन' याच साच्यातले असतील तर पुढची संस्था बघा.

परदेशात जायचं असेल तर

जॉन्स हॉपकिन्सचं पूर्णवेळ एमपीएच अकरा महिन्यांचं आहे. हार्वर्डचा ४५ क्रेडिटचा एमपीएच डॉक्टरांसाठी एका वर्षाचा, लंडन स्कूल ऑफ हायजीनचा एमएससीही पूर्णवेळ एका वर्षाचा. काळ कमी, पण खर्च मोठा. एक गैरसमज आधीच दूर करते : परदेशातल्या एमपीएचने तिथे रुग्ण तपासायचा परवाना मिळत नाही. अमेरिकेत त्यासाठी यूएसएमएलई ही परवाना परीक्षा वेगळी द्यावीच लागते.

शिष्यवृत्त्यांच्या अटी वाचल्या की बाँडच्या वर्षाचं महत्त्व परत कळतं. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पात्र असूनही अनेकांना तिची माहिती नसते, म्हणून समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२पासून कर्जरूप शिष्यवृत्ती देतंय. युरोपात इरास्मस मुंडस आहे.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) मिळवायला वेळ लागतो, अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या सहा महिने आधीच ते काम सुरू करा. शिफारसपत्रांपैकी एक तरी तुमचं फील्डवरचं काम बघितलेल्या व्यक्तीचं असू द्या, तालुका आरोग्य अधिकारी चालतील, मग त्यांचं इंग्रजी साधं का असेना. आणि अर्जासोबतच्या निवेदनात लहानपणापासूनच्या स्वप्नाने सुरुवात करू नका. पीएचसीत भेटलेला एक प्रश्न, तुम्ही तो सोडवायला काय केलंत आणि कुठे ज्ञान कमी पडलं, एवढं सरळ लिहा.

नंतरचं काम

राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा पातळीवर एपिडेमिऑलॉजिस्टची पदं असतात, डॉक्टर आणि एमपीएच असा मेळ तिथे मागितला जातो. ती कंत्राटी असतात, हे गृहीत धरूनच घराचे हप्ते ठरवा. जागतिक आरोग्य संघटना लसीकरण आणि क्षयरोगाच्या कामासाठी डॉक्टर घेते. महानगरपालिका, पुण्याचं राज्य आरोग्य यंत्रणा साधन केंद्र, 'सर्च'सारख्या संस्था, संशोधन प्रकल्प हे इतर दरवाजे. सार्वजनिक आरोग्य विभागात वैद्यकीय अधिकारी म्हणून कायम झालात तर पुढे तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी होता येतं, आणि तिथे एमपीएचचा रोज उपयोग होतो.

नागपुरातच राहायचं असेल तर पर्यावरण आणि आरोग्य या विषयाकडे जरूर बघा. वर्धा रोडवरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नावच केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होतं. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, बुटीबोरी आणि हिंगण्यातल्या कामगारांचं आरोग्य, यांवर काम करू शकणारे डॉक्टर आपल्या शहरात फार थोडे आहेत आणि ते हवे आहेत.

एमपीएच चालू असताना आठवड्यातून एक ओपीडी सुरू ठेवता आली तर ठेवा. हात चालता राहतो, थोडे पैसे मिळतात, आणि आकड्यांमागची माणसं समोर बसतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी क्रेडिट पॉइंट लागतात. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात शिकत असाल तर ती तारीख आधीच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.